वर्षाचे साठ रुपये अन् दाणे

चैत्र सरत आला की आमच्या गावात माणसाला आडवं व्हायला खाट सापडत नाही. सगळ्या खाटा अंगणात ओढलेल्या, त्यांच्यावर धुतलेली धोतरं अंथरलेली, आणि धोतरांवर शेवया, कुरडया, बिबडे. राखणीला म्हातारे. दोन वर्षांपासून मीही त्याच कामावर आहे. हातात काठी, डोक्यावर ओलं उपरणं आणि दिवसभर कावळ्यांशी भांडण. तापीकडून वारा येतो तो चुलीतून निघाल्यासारखा, पण त्यात वाळूतल्या डांगरवाड्यांमधल्या खरबुजांचा पिकलेला वास असतो, म्हणून त्याला कोणी शिव्या देत नाही. कपाशी विकून झाली, गहू-हरभरा घरात आला, नांगरटी उरकल्या. बैल आणि माणसं सारखीच रवंथ करत बसतात. शेतकऱ्याला सुटी म्हणतात ती एवढीच.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठ दिवसांवर आली. आमच्या खानदेशात हा लेकींचा सण. निंबाला झोके बांधतात, सासुरवाशिणी माहेरी येतात, गौराईची गाणी म्हणतात. माझी सोनी काल तळोद्याहून आली, तिची चौदा वर्षांची पोर घेऊन. पण आखाजी आणखी एकाची असते, ती म्हणजे सालदाराची. त्या दिवशी त्याचं जुनं साल संपतं आणि नवं ठरतं. मालक ओसरीवर बसतो, सालदार पायरीवर. मग बोलणं होतं. वर्षाचे इतके रुपये, इतके दाणे, एक जोडा, एक घोंगडी. दोघं थोडं ताणतात, शेवटी सालदाराच्या हातात नारळ पडतो आणि वर्षभर तो माणूस त्या घरचा. लहानपणापासून हे पाहत आलो. त्यात कधी वावगं वाटलं नाही. का वाटावं? मी ओसरीवर बसणारा होतो.

परवा पारावर गंमत झाली. माझा पुतण्या वामन नंदुरबारला वकिली करतो. कोर्टाला सुटी लागली म्हणून नव्या बायकोला घेऊन मुंबईला जाऊन आला आणि आल्या आल्या सांगत सुटला की, तिथं एका इटलीवाल्याच्या भारी हॉटेलात आम्ही दोघं जेवलो, चौदा रुपये झाले.

"चौदा रुपया?" एकजण ओरडला. "अरे, तितलामा ते बोकडी ई जाई!"

"अन् दूध बी दी वरतून!" दुसरा म्हणाला.

पार हसून हसून लोळला. वामनचा चेहरा पडला. तो म्हणाला, सुटीवर गेल्यावर माणसानं हिशेब करू नये, एकदाच खायचं तर चांगल्या ठिकाणी खावं. दुसरा म्हणाला, पोटाला काय कळतं खुर्ची कशाची होती? वाद वाढला. मग वामन माझ्याकडे वळला. "काका, सगळ्या गावात तुम्हीच एक तिथं जेवलेले. तुम्ही सांगा यांना. पैसे वसूल होतात की नाही?"

मी काठी उचलली आणि घरी आलो. त्यांना वाटलं म्हातारा उन्हाला कंटाळला.

मी तीन इयत्ता शिकलेला माणूस आहे. चौथीत मास्तरानं कान पिळला, मी पाटी त्याच्यासमोर फोडली आणि परत गेलो नाही. तरी सातबारा वाचतो, पोथी वाचतो, आणि लिहायचं ठरवलं तर लिहितोही. शुद्ध-अशुद्ध वामन पाहून घेईल. त्यानं विचारलंच आहे, तर त्याला उत्तर मिळालं पाहिजे. पारावर चार टवाळ्यांपुढे देण्यासारखं ते उत्तर नाही.

माझं नाव उखा. माझ्या आधीची दोन भावंडं गेली, म्हणून मी जन्मलो तसं मला उकिरड्यावर ठेवून उचललं आणि उखा नाव ठेवलं. यमाला वाटावं, हा कचरा आहे, याला काय न्यायचं. आमच्या शेजारच्या घरी तर तीन गेली होती. चौथा झाला तेव्हा त्याच्या मायनं त्याचं नाव ठेवलं दगा. काळाला दगा देऊन राहिलेला पोरगा. असा आमच्या गल्लीत एक उखा आणि एक दगा, महिनाभराच्या अंतरानं आलेले. 'अय दगा' म्हटलं की त्याची माय घरातून आपोआप हसायची. त्या नावात तिचा जीव होता. माझ्या कानाला ते नाव कधी वाईट लागलंच नाही. दगा म्हणजे फसवणूक हे मी शाळेत शिकलो, पण तो शब्द वेगळा आणि आमचा दगा वेगळा.

आम्ही दोघं तापीत एकाच दिवशी पोहायला शिकलो. तो बुडत होता आणि मी त्याला धरायला गेलो, म्हणून दोघंही बुडता बुडता शिकलो. पुढे त्याच्या वाट्याला जमीन थोडी आली. तो कापसाच्या गाड्यांबरोबर नंदुरबारला सरकी काढायच्या जिनात गेला, तिथून सुरत, आणि सुरतेहून मुंबई. रुईची दलाली करू लागला. पण आखाजीला यायचाच. अशाच एका आखाजीला, माझी सोनी दोन वर्षांची आणि त्याचा जगन सहाचा असताना, निंबाखाली पानं खेळता खेळता तो म्हणाला, "उखा, तुन्ही पोर मन्हा पोऱ्याले." मी म्हटलं, "दिन्ही." पान टाकलं आणि डाव पुढे चालला. सुपारी नाही, साखर नाही. आमच्या दोघांत त्याची गरज नव्हती.

सोनी पंधराची झाली तेव्हा शहाद्याचं एक चांगलं स्थळ मी परत पाठवलं. तिच्या मायनं विचारलं, "दगाभाऊना कागद ऊना का?" मी म्हटलं, "कागद कशाले पाहिजे?" पण कागद आला. फाल्गुन सरताना आला. लिहिलं होतं, कपाशी विकली असशील, आता मोकळा आहेस, चार दिवस मुंबईला ये. समुद्र पाहा, जगनलाही डोळ्यांनी पाहून घे, आणि या आखाजीला पक्कं करून टाकू. सोनीनं तो कागद माझ्या तोंडून ऐकला आणि पाण्याला निघून गेली. घागर भरलेलीच होती, ती ओतून पुन्हा भरायला गेली. तिची माय आणि मी एकमेकांकडे पाहून हसलो.

तर मी गेलो ते लेकीचं घर पाहायला. समुद्रबिमुद्र वरचं.

आयुष्यातला तो एकच प्रवास मी मजेसाठी केला. नवं धोतर, पोपटी फेटा, खांद्यावर शेवयांची पिशवी, कारण मोकळ्या हातानं विहिणीकडे कसं जायचं? दगा स्टेशनावर आला होता. काळा कोट, गोल टोपी. मला मिठी मारून म्हणाला, "ऊना रे, उखा! माले वाटनं, गाडीमाच झोपी गया का काय!" तेच बोलणं, तोच आवाज. दोन दिवस त्यानं मला फिरवलं. समुद्र पाहिला, तापीचं एवढं पाणी जातं कुठे याचा उलगडा झाला. जगनला पाहिलं. सरळ नाकाचा, खालमानेनं बोलणारा पोरगा, मॅट्रिकचा अभ्यास करत होता. पाया पडला. मी मनात म्हटलं, सोनी, तुझं नशीब उघडलं.

एक गोष्ट मात्र माझ्या कानाला टोचत होती. तिथं त्याला सगळे दयारामभाई म्हणत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मागे वळून पाहिलं, हा दयाराम कोण आला म्हणून. दगा नुसता हसला.  तेव्हाच कारण सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी मी त्याला सांगितलं, दोन दिवस तुझ्या घरचं खाल्लं, आता नाही खाणार. आमच्याकडे लेक दिलेल्या घरचं बाप फुकट खात नाही, आणि माझ्या लेखी सोनी दिल्यातच जमा होती. "आजनं जेवण मन्हं," मी म्हटलं. "तुले जठे जेवनं शे, तठे चाल." तो म्हणाला, "मंग असं जेवाडस का तू जल्मभर सांगशी." हे त्याचं बोलणं खरं ठरलं.

हॉटेल इटलीवाल्याचं होतं. दारात पितळी कठडा, आत पंखे, टेबलांवर चादरी इतक्या पांढऱ्या की माझ्या नव्या धोतराची मला लाज वाटली. मालक स्वतः फिरत होता. गोरा, पोट सुटलेला, मिशांना मेण लावलेला. लोकांशी तो असा वाकून बोलत होता की, हा गोरा आणि वाकतो, याचंच मला नवल. मी आपला इकडेतिकडे पाहत बसलो. मनात एकच, की घरी गेल्यावर सोनीच्या मायला हे सगळं कसं सांगायचं.

ताट आलं आणि मी फटकन हसलो. "अरे दगा, ह्या ते शेवया शेतस!"

"हळू बोल, भो," तो म्हणाला. पण तोही हसत होता.

"गूळ कोठे शे? दूध?"

"हाई तिखट खातस हे लोक. अन् हात नको लावू. हाऊ काटा शे ना, त्यानी खावानं."

"पायमा रुतस तो काटा मी तोंडमा घालू?"

आम्ही दोघं असे हसलो, की टेबल हललं. वामना, त्या घटकेपर्यंतचे पैसे पुरेपूर वसूल होते, हे लिहून घे. शेवयांवर लाल आंबट रस होता, वर काहीतरी किसलेलं पांढरं, त्याचा वास भिजलेल्या गोणपाटासारखा. पण खोटं का बोलू, चव चांगली होती. शेवया आमच्यापेक्षा जाड, आणि दाताखाली थोड्या कच्च्या. सोनीची माय असती तर म्हणाली असती, आणखी एक कढ द्या. पण भूक असली, समोर मैतर असला आणि लेकीचं लग्न ठरल्यातच असलं, तर गोणपाटही गोड लागतं.

तेवढ्यात दगा उभा राहिला. पलीकडच्या कोपऱ्यात एक गुजराती शेठ बसला होता, त्याला नमस्कार करून येतो म्हणाला. गेला. मी एकटा राहिलो, आणि त्या काट्यावर एक शेवई धरेना. गुंडाळायला गेलं की सुटायची. एक फेट्याच्या टोकाला चिकटली. बाजूच्या टेबलावरची मडम तोंडापुढे रुमाल धरून पाहत होती. वेटर येऊन इंग्रजीत काही विचारू लागला.  आणि शेतात असल्यासारखी, या बांधावरून त्या बांधावर मारतो तशी, मी हाक मारली.

"अय दगाऽऽ! आठे ये, भो!"

सगळं हॉटेल थांबलं. पंखे तेवढे फिरत राहिले.

शेठनं मान वर केली. मला गुजराती चांगली येते, अर्धा बाजार आमचा सुरतेकडचा. त्यानं विचारलं, "दगो? दगो कोने कहे छे?" हा दगा कोणाला म्हणतो?

आता मला कळतं की त्या क्षणाला दग्याच्या पायाखाली काय झालं असेल. त्या धंद्यात कागद नसतो. हजारो रुपयांची रुई नुसत्या जिभेवर विकली जाते. तिथं दलालाचं नाव दगा! सराफाचं नाव चोर असावं तसं. पण तेव्हा मला हे कुठलं सुचायला? मी त्याच्या मायनं मारावी तशी हाक मारली होती.

तो शेठला म्हणाला, "कंई नहीं शेठ, घरनो माणस छे."

मी लांबून ऐकलं, आणि माझी छाती अशी भरून आली! आमच्या बोलीत 'घरना माणूस' म्हणजे रक्ताचा, आपला. मला वाटलं, एवढ्या मोठ्या शेठपुढे, या चादरींपुढे, माझ्या फेट्याला शेवई चिकटलेली असताना त्यानं मला आपला म्हटलं. जगनचा सासरा म्हणण्याची सुरुवात झाली म्हणा ना.

शेठ जायला निघाला. जाता जाता आमच्या टेबलाशी थांबला. मी उभा राहिलो, आणि मोठ्या माणसाला करावा तसा नमस्कार करायला हात पुढे केले. त्यानं मला वरून खाली पाहिलं, जसा मी बाजारात बैल पाहतो. मग माझ्याशी नाही, दग्याशी बोलला.

"वरसनुं शुं आपो छो?" वर्षाचं काय देता? शेठच्या लेखी घरचा माणूस म्हणजे घरगडी.

मी दग्याकडे पाहिलं. अजून वेळ होती. तो म्हणू शकत होता, शेठ, हा माझा सोयरा आहे. तो म्हणू शकत होता, याची चाळीस बिघे काळी जमीन आहे. काहीच न बोलता नुसता हसलाही असता तरी चाललं असतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. टेबलाच्या चादरीकडे पाहत म्हणाला, "साठ रुपिया, ने दाणा."

साठ रुपये आणि दाणे.

"मजबूत छे," शेठ म्हणाला, आणि माझ्या जुळायला निघालेल्या हातांत चार आण्यांची एक पावली ठेवून गेला.

मी खाली बसलो. ताटात उरलेलं सगळं खाल्लं. हातानं खाल्लं. अन्न टाकायची आम्हाला सवय नाही, आणि आता लाज कोणापुढे धरायची होती? दगा काहीतरी हळू हळू बोलत होता. मला त्याचे ओठ दिसत होते. बिल आलं साडेदहा रुपयांचं. त्यानं कोटात हात घातला. मी त्याचं मनगट धरलं, नांगराची मूठ धरतो तसं. कनवटीचे पैसे काढले आणि बशीत ठेवले. पावली वेटरला दिली. तो गोव्याकडचा माणूस होता. त्यानं सगळं पाहिलं असावं, कारण त्यानं मला सलाम केला आणि दग्याला केला नाही.

साठ रुपये सालाच्या हिशेबानं मी माझा दोन महिन्यांचा पगार त्या हॉटेलात दिला. मालकाला जेवू घालणारा सालदार, असा माझ्यासारखा दुसरा झाला नसेल.

बाहेर भर दुपार होती. रस्त्यावर ट्रामची घंटा, घोडागाड्या, आणि फुटपाथावर आम्ही दोघं.

"उखा, माफ कर रे," तो म्हणाला. "तू दगा म्हटलं अन् मन्हं काळीज पाणी व्हयनं. तो शेठ शकुन पाहस. त्यानी पाठ फिराई ते मी रस्तावर येसू."

मी फेट्याला चिकटलेली शेवई काढून टाकली.

"तोंडे ऊनं ते बोली गऊ. मंग काय सांगतू?"

मग मी बोललो. आणि इतक्या वर्षांनी आठवून माझंच मला हसू येतं, की मी काय बोललो. मी म्हटलं, "साठ? अरे, मन्हा सालदारले मी ऐंशी देस!"

तो हसला. त्याला वाटलं, उखा मवाळ झाला, थट्टा करतो. तोही बिचारा भ्यालेला होता, हसायला कारणच शोधत होता. पण त्या हसण्यानं मात्र सगळं संपलं. शेठपुढे बोलला ते भीतीनं, एवढं मी पुढेमागे पचवलंही असतं. हे हसणं घशाखाली गेलं नाही.

तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "चाल घर. आखाजीले मी येस. सोनीनं लगीन ह्याच साल करी टाकू. शबद तो शबद."

ऐक वामना, तो असं म्हणाला. हेच शब्द.

मी त्याचा हात काढला. "सालदारनी पोर मालकना घरमा कशी ई?" म्हटलं, आणि चालायला लागलो. पिशवी त्याच्या घरीच राहिली. स्टेशन विचारत विचारत गेलो. सुरतेला गाडी बदलली तेव्हा उजाडत होतं. फलाटावर गरम जिलबी तळत होते. माझ्याजवळ पैसे होते, भूक होती, पण कोणाकडून काही विकत घ्यायची इच्छाच उरली नव्हती.

इथवरची गोष्ट मी गावात दहा वेळा सांगितली आहे. म्हणजे अशी नाही. अशी सांगितली की, मुंबईला गेलो, इटलीवाल्याच्या हॉटेलात जेवलो, आणि दग्यानं शब्द मोडला. तो मोठा झाला, त्याला आमची पोर नको झाली. सगळ्यांनी लगेच मानलं. कोणी दोनदा विचारलंही नाही. सोनीची माय तर म्हणाली, "नावच दगा, दुसरं काय करी तो?" माझ्या खोट्याचं अर्धं काम त्याच्या नावानंच केलं.

आखाजीच्या चार दिवस आधी पोस्टकार्ड आलं. दोनच ओळी. शब्द कायम आहे, मी येऊ का, कळव. मी चुलीपुढे बसून वाचलं. सोनीच्या मायनं विचारलं, कशाचं? मी म्हटलं, जिनातलं, सरकीच्या भावाचं. आणि कार्ड चुलीत घातलं. त्या आखाजीला दगा आला नाही, नंतरही कधी आला नाही. गेल्या वर्षी तो वारल्याचं कळलं. मी अंघोळ केली आणि कोणालाच काही सांगितलं नाही.

सोनीचं लग्न त्याच वैशाखात तळोद्याला लावलं. घर वाईट नाही. जमीन आहे, म्हशी आहेत, नवरा तोंडाचा फाटका पण हाताचा बरा. ती तिथं राबते. हळदीच्या दिवशी पिवळ्या अंगानं ती माझ्याजवळ येऊन बसली. सोळा वर्षांची पोर. खाली पाहत म्हणाली, "आबा, मन्हामा काय खोट व्हती?"

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. ते लोक नाही म्हणाले, म्हणजे आपल्यात काहीतरी उणं असेल, असं पोरीनं धरून घेतलं होतं. रंग, रूप, शिक्षण, काय असेल ते महिनाभर शोधत होती. मी तिथंच सांगायला हवं होतं.  सांगितलं असतं तर म्हणावं लागलं असतं की, पोरी, तुझ्या बापाला कोणीतरी साठ रुपयांचा म्हटलं, म्हणून तुझं घर मी मोडलं. मी म्हटलं, "तुन्हामा काही नही. ते लोकच तसा." ती उठून गेली. तिचा विश्वास बसला नाही, आणि बसावा असं मी काही बोललोही नव्हतो.

वामना, तू पैसे वसूल झाले का विचारतोस. साडेदहा रुपयांचं मला काही नाही. परगावी माणूस पोट भरायला नाही जात. पोट घरी भरतं. आपण आहोत त्याहून थोडे मोठे आहोत असं दोन घटका वाटावं, म्हणून तिथं पैसे देतो. त्याचे दहा घे की चौदा घे, माझी ना नाही. माझ्या मैतरानं माझी किंमत कमी सांगितली, हा दगा मी वीस वर्षं छातीशी धरून बसलो. आणि माझी किंमत वर राहावी म्हणून मी सोनीच्या अंगावर एक खोट ठेवली, जी तिच्यात नव्हती. ही गोष्ट मी कुठल्या बशीत ठेवू?

हे एवढं काल लिहून झालं. आज सकाळी सोनी अंगणात पाटावर शेवया वळत बसली होती. तिची पोर पाणी आणायला गेली होती. मी काठी टेकून तिच्याजवळ गेलो.

"सोनी, दगानी नही म्हटलं नव्हतं."

तिचे हात चालूच होते. "कोन दगा?"

"जगनना बाप. तो हो म्हणे. कार्ड बी धाडं त्यानी. नही मी म्हटलं व्हतं."

तिनं हात पदराला पुसले. माझ्याकडे पाहिलं.  मला वाटलं रडेल, मला वाटलं बोलेल, मी दोन्हीसाठी तयार होऊन उभा होतो. तिनं विचारलं, "मायले मालूम व्हतं?"

"नही. ती मरी गई तवलोंग नही."

सोनीनं मान हलवली. बाहेर घागरीचा आवाज झाला, तिची पोर दारात आली, डोक्यावर पाणी सावरत, मान ताठ. सोनी तिच्याकडे पाहत राहिली आणि मग हळू, जपून बोलावं तसं बोलली.

"हिले मांगणं येतस आते, आबा. तुमले कोन्ही इचारं, ते हो म्हणू नका अन् नही बी म्हणू नका. मन्ही पोरना शबद मी देसू."